निवृत्तीचा पैसा धनकोच्या हाती लागतो का? पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि दिवाळखोरीचा कायदा

स्वतः एक रुपयाचं कर्ज न काढता कर्जात अडकलेले नोकरदार खानदेशात गावोगाव भेटतात. शाळेतल्या सहकाऱ्याला पतपेढीत जामीन, शालकाच्या ट्रॅक्टरला जामीन, भावाच्या जिनिंगच्या कॅश क्रेडिटला वैयक्तिक हमी. मूळ कर्जदार हात वर करतो आणि वसुलीची नोटीस येते ती ज्याचा पगार दरमहा बँकेत जमा होतो त्याला. मग घरात पहिला विषय निघतो तो पीएफ काढून मोकळं होण्याचा. वसुलीवालेही तेच सुचवतात: ‘काका, फंड काढा आणि मिटवून टाका.’

तसं करण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. फंडात पडून असलेला पीएफ हा तुमच्याकडचा कायद्यानं सर्वांत भक्कमपणे राखलेला पैसा आहे. तिथं दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा (वसुलीचा निकाल) चालत नाही, नादारीत म्हणजे दिवाळखोरीत मालमत्ता ताब्यात घ्यायला नेमलेल्या रिसीव्हरलाही हात लावता येत नाही. तोच पैसा काढून बचत खात्यात घेतला की बरंचसं संरक्षण मागे राहतं, आणि त्यातून प्लॉट किंवा सोनं घेतलं की काहीच उरत नाही. पुढचं सगळं विवेचन या एका फरकाभोवती फिरतं. पैसा फंडात आहे, खात्यात आहे, की त्याचं दुसरंच काही झालं आहे?

पाया: दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०

हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी ऋणकोची (देणेकऱ्याची) कोणती मालमत्ता जप्त होते आणि कोणती होत नाही, हे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये लिहिलेलं आहे. जप्त न होणाऱ्या गोष्टींची यादी बरीच लांब आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं, शेतकरी किंवा मजूर स्वतः राहतो ते घर, हे सगळं त्यात येतं. निवृत्तीच्या दृष्टीनं त्यातले चार खंड महत्त्वाचे.

‘जी’ खंडात पेन्शन आणि ग्रॅच्युइटी आहे. आधी हे संरक्षण सरकारी पेन्शनरांपुरतं होतं. १९७६ च्या दुरुस्तीनं त्यात स्थानिक संस्थांचे आणि ‘इतर कोणत्याही मालकाचे’ पेन्शनरही आले. म्हणजे भुसावळचा रेल्वे पेन्शनर, वरणगाव आयुध निर्माणीचा निवृत्त कामगार, जिल्हा परिषदेचा शिक्षक आणि खासगी कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, सगळे एकाच ओळीत बसतात. ‘के’ खंडात १९२५ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्याखालच्या सक्तीच्या ठेवी येतात, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्यांचा जीपीएफ. ‘केए’ मध्ये पीपीएफ आणि ‘केबी’ मध्ये ऋणकोच्या स्वतःच्या आयुर्विम्याचे पैसे.

याच कलमात १ए असं एक पोटकलम आहे. ते फार कमी लोकांना माहीत असतं आणि ते प्रत्येक जामीनदारानं पाठ करून ठेवावं असं आहे. या कलमानं दिलेली सूट मी सोडून देतो, असा करार कोणी कुणाशी केला तरी तो रद्दबातल असतो. कर्जाच्या छापील अर्जावर ‘माझी पेन्शन व ग्रॅच्युइटी जप्त करण्यास माझी हरकत नाही’ अशी ओळ असेल आणि तिच्याखाली तुमची सही असेल, तरी त्या ओळीला कोर्टात किंमत नाही.

हे संरक्षण फक्त दिवाणी कोर्टापुरतं आहे असं समजू नका. कर्ज २० लाखांचं किंवा त्याहून जास्त असेल तर बँक कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाते. तिथली वसुली प्राप्तिकर कायद्याच्या पद्धतीनं चालते आणि त्या पद्धतीतही कलम ६० ची सूट पाळावी लागते. तारण मालमत्तेचा ताबा घेण्याच्या सरफेसी कायद्यातही, कलम ६० नं राखलेली मालमत्ता खास गहाण दिलेली नसेल तर ती बाहेर ठेवली आहे.

प्रत्येक फंडाची तटबंदी वेगळी

खासगी क्षेत्रातला ईपीएफ कलम ६० च्या आधाराशिवायही सुरक्षित आहे. १९५२ च्या कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायद्याचं कलम १० सांगतं की सभासदाच्या नावे फंडात असलेली रक्कम गहाण टाकता येत नाही, कुणाच्या नावे करून देता येत नाही, आणि सभासदानं केलेल्या कुठल्याही कर्जापोटी कोर्टाच्या हुकुमानं जप्त करता येत नाही. पुढे त्यात दिवाळखोरीचा थेट उल्लेख आहे: १९२० च्या नादारी कायद्याखाली नेमलेल्या रिसीव्हरचा या रकमेवर कसलाही हक्क पोहोचत नाही. व्हीपीएफ म्हणून तुम्ही जास्तीचं भरत असाल तर तीही ‘सभासदाच्या नावे असलेली रक्कम’च आहे. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मुळे जुन्या कामगार कायद्यांची पुनर्मांडणी झाली आहे, म्हणून अर्जात कलमाचा आकडा घालण्याआधी तो वकिलाकडून ताजा करून घ्या.

जीपीएफला १९२५ च्या कायद्याच्या कलम ३ चं तसंच कवच आहे. त्यातही रिसीव्हरला दार बंद आहे. ग्रॅच्युइटीसाठी १९७२ च्या कायद्याचं कलम १३ आहे. दिवाणी, महसुली किंवा फौजदारी, कुठल्याही कोर्टाच्या हुकुमाखाली ती जप्त होत नाही. इतक्या स्पष्ट शब्दांत फार कमी रकमा राखलेल्या आहेत.

सरकारी पेन्शनला १८७१ चा पेन्शन कायदा लागू आहे. त्याच्या कलम ११ प्रमाणे धनकोच्या (ज्याचं देणं आहे त्याच्या) मागणीवरून पेन्शन जप्त होत नाही. कलम १२ तर आणखी कामाचं. पुढे मिळायच्या पेन्शनवर आज केलेला कोणताही करार, तारण किंवा विक्री निरर्थक ठरते. पेन्शनरचं पासबुक, एटीएम कार्ड आणि कोऱ्या सह्यांचे चेक तारण म्हणून ठेवून घेणारे सावकार आपल्याकडे आहेत. त्या ‘तारणा’ला कायद्याचा पाठिंबा नाही. बँकेत अर्ज देऊन कार्ड बंद करा आणि नवीन घ्या. सावकार विनापरवाना असेल तर महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी तक्रार करा.

पीपीएफची सूट सध्याच्या २०१९ च्या योजनेतही कायम आहे. तो १५ वर्षांनी पिकला की लोक घाईनं बंद करतात. मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज दिला तर तो पाच-पाच वर्षांनी वाढवता येतो, आणि खात्यात पैसा आहे तोवर संरक्षणही राहतं. देणी डोक्यावर असताना पिकलेला पीपीएफ मोडणं म्हणजे शेतात उभं पीक असताना कुंपण उपटणं.

एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, हा थोडा नाजूक विषय. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारी सेवेत लागलेले शिक्षक-कर्मचारी आधी डीसीपीएस (अंशदायी पेन्शन योजना) आणि मग एनपीएसमध्ये गेले. कलम ६० मध्ये एनपीएसचं नाव नाही. त्यामुळे तिथं ‘मालकानं दिलेली पेन्शन’ या व्यापक शब्दांवर बाजू मांडावी लागते. टियर-१ मधला पैसा नियमांनी बांधलेला असतो, तो मनात येईल तेव्हा निघत नाही, ही बाजू भक्कम आहे. टियर-२ मात्र केव्हाही काढता येणारी साधी गुंतवणूक आहे. तिला पेन्शनचं संरक्षण मिळेल असं धरून चालू नये.

दिवाळखोरीत नेमकं काय होतं

आतापर्यंत बोललो ते एकेका धनकोच्या वसुलीबद्दल. दिवाळखोरीत सगळे धनको एकत्र येतात आणि ऋणकोची सगळी मालमत्ता एका ताब्यात जाते. इथं दोन वेगळे कायदे आहेत आणि तुमच्यावर कोणता लागू होतो हे आधी ठरवावं लागतं.

भावाचं जिनिंग प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असेल आणि तुम्ही बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिली असेल, तर तुमच्यावर २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता लागू होते. कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांसाठी तिचा तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला. प्रकरण जळगावच्या कोर्टात न चालता मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणात चालतं. या संहितेचं कलम १५५ सांगतं की भविष्य निर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांतून कर्मचाऱ्याला येणं असलेल्या रकमा दिवाळखोराच्या मालमत्तेत धरायच्या नाहीत. शिवाय कलम ७९ मध्ये ‘वगळलेल्या मालमत्ते’ची यादी आहे. तिच्यात ऋणकोच्या किंवा जवळच्या कुटुंबीयांच्या नावावरचा, बोजा नसलेला आयुर्विमा आणि पेन्शन योजना येते. धार्मिक रूढीनं अंगावरून उतरवता न येणारे दागिने १ लाख रुपयांपर्यंत, आणि राहतं एक घर शहरात २० लाख, ग्रामीण भागात १० लाखांपर्यंत वगळलं जातं. ‘बोजा नसलेला’ हा शब्द नीट वाचा. पॉलिसीवर कर्ज काढून ती गहाण पडली असेल तर ती या यादीतून निसटते.

बाकी सगळे, म्हणजे पतपेढीचा जामीनदार, भागीदारीतला किंवा एकट्याच्या नावावरच्या धंद्यातला कर्जदार, शेतकरी, दुकानदार, हे आजही १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यात येतात. मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. खानदेशातल्या माणसाला आपल्या जिल्ह्याच्या कोर्टातच अर्ज करावा लागतो. देणी ५०० रुपयांची असली तरी अर्ज चालतो. तो आकडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे, कुणी वाढवला नाही. अर्जात प्रत्येक धनकोचं नाव, पत्ता आणि रक्कम, स्वतःची सगळी मालमत्ता आणि तिची अंदाजे किंमत लिहावी लागते.

कोर्टानं नादार ठरवलं की मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते आणि धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. पण कलम २८ च्या पाचव्या पोटकलमानुसार, दिवाणी संहितेनं जप्तीतून सोडलेली मालमत्ता या ताब्यात जातच नाही. म्हणून पेन्शन आणि फंड नादारीतही तुमचेच राहतात.

इथं लोक दोन चुका करतात. एक म्हणजे पीएफ सुरक्षित आहे म्हणून तो यादीत लिहीतच नाहीत. लपवाछपवी हा या कायद्यात गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पीएफ, ग्रॅच्युइटी, पेन्शन सगळं लिहायचं आणि समोर ‘कलम ६० व संबंधित कायद्याप्रमाणे जप्तीस अपात्र’ असं नमूद करायचं. दुसरी चूक जास्त महागात पडते. नोटीस आल्यावर प्लॉट पत्नीच्या नावावर करणं, एफडी मोडून मुलाच्या खात्यात टाकणं. नादारीच्या आधीच्या दोन वर्षांत प्रामाणिक मोबदल्याशिवाय केलेली हस्तांतरणं रद्द करून घेता येतात. एका मर्जीतल्या धनकोला तीन महिन्यांच्या आत झुकतं माप दिलं असेल तर तेही उलटवलं जातं. सुरक्षित असलेल्या पेन्शनवाल्या माणसाचीही कोर्टापुढची पत अशा एका कागदानं जाते.

पैसा खात्यात आला की

इथं खरी गुंतागुंत आहे. ईपीएफच्या कायद्यातले शब्द ‘फंडात सभासदाच्या नावे असलेली रक्कम’ असे आहेत. रक्कम फंडातून निघून तुमच्या बचत खात्यात आली की ते शब्द तिला लागू होत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्ये एका चिट फंडाच्या प्रकरणात हेच धरलं होतं: भविष्य निर्वाह निधीची रक्कम कर्मचाऱ्याच्या हाती पडेपर्यंत तिचं स्वरूप टिकतं.

पेन्शन आणि ग्रॅच्युइटीच्या बाबतीत न्यायालय पुढे गेलं. राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या निकालात जामीनदाराच्या निवृत्तीच्या रकमा एफडीत होत्या आणि बँकेला त्यातून वसुली हवी होती. निकाल असा की पेन्शन आणि ग्रॅच्युइटी हाती आल्यावरही, त्यांची एफडी झाल्यावरही, आपलं मूळ स्वरूप गमावत नाहीत आणि ‘जी’ खंडाचं संरक्षण त्यांना राहतं. हा निकाल २००९ च्या ‘सुप्रीम कोर्ट केसेस’च्या पहिल्या खंडात पान ३७६ वर आहे. वकिलाला एवढा संदर्भ पुरतो.

म्हणजे निवृत्तीच्या दिवशी तीन रकमा एकाच खात्यात आल्या तरी त्यांचं बळ सारखं नाही. पेन्शन आणि ग्रॅच्युइटी बळकट, पीएफची रक्कम कमजोर. देणी थकलेली असतील तर पीएफ लगेच काढायची घाई करू नका. ५५ व्या वर्षानंतर निवृत्त झालेल्या सभासदाच्या ईपीएफ खात्यावर साधारण तीन वर्षं व्याज मिळत राहतं. तेवढ्या काळात देण्याचा निकाल लावण्याचा प्रयत्न करता येतो.

आता एका खात्याचा उतारा जवळून पाहू. समजा यावल तालुक्यात केळी असलेला रेल्वे पेन्शनर आहे. महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक ४,२०० रुपये. १ तारखेला पेन्शन २८,४००. ६ तारखेला व्यापाऱ्याकडून केळीचे १,३५,०००. ९ तारखेला खत-औषधासाठी ७०,००० काढले. १५ तारखेला पुण्याच्या मुलानं ४०,००० पाठवले. २० तारखेला खातं गोठलं तेव्हा शिल्लक १,३७,६००. यातली पेन्शन किती? काढलेले ७०,००० केळीच्या पैशातले की पेन्शनसकट? बाजू कितीही नीट मांडली तरी २८,४०० आणि फार तर आधीच्या शिलकीतला थोडा भाग यापलीकडे पेन्शन म्हणून दाखवता येणार नाही. केळीचे आणि मुलाचे पैसे जप्तीत जातील, आणि पेन्शनचा हिस्सा सुटेपर्यंतही एखाद-दोन महिने औषधपाण्याची ओढाताण होईल ती वेगळीच.

हेच पेन्शनचं खातं स्वतंत्र असतं, त्यात पेन्शनशिवाय एक रुपयाही आला नसता, तर वर्षभर साठलेली शिल्लकसुद्धा उताऱ्याच्या एका नजरेत पेन्शन म्हणून सिद्ध झाली असती. म्हणून पेन्शनचं खातं वेगळं ठेवा, शेतीचं वेगळं. ग्रॅच्युइटीची एफडी त्या रकमेपुरतीच करा, दुसरे पैसे त्यात मिसळू नका. मंजुरीचं पत्र, खात्यात रक्कम आल्याची नोंद आणि एफडीची पावती एकत्र लावून ठेवा. एफडीचं व्याज दर तिमाहीला पेन्शन खात्याशिवाय दुसऱ्या खात्यात घ्या.

आणखी एक. ज्या बँकेचं कर्ज आहे किंवा जिथं तुम्ही जामीन आहात, त्याच बँकेत पेन्शन घेत असाल तर ती दुसऱ्या बँकेत वळती करून घ्या. बँक स्वतःच्या येण्यापोटी खात्यातली रक्कम अडवून धरते आणि मग वाद तुम्हाला घालावा लागतो. पेन्शन लोनचा हप्ता ही वेगळी गोष्ट, तो तुम्ही स्वतः मागून घेतलेल्या कर्जाचा असतो. तसंच पगारातून पतपेढीचा हप्ता कापायला दिलेलं संमतीपत्र. महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम ४९ खाली मालक तो कापून पतपेढीला देतो, आणि त्याला जप्ती म्हणत नाहीत.

निवृत्तीचा पैसा जास्त व्याजाच्या आशेनं पतसंस्थेत ठेवण्याचा प्रश्न या विषयाला लागूनच आहे. जळगाव जिल्ह्यानं पतसंस्था बुडाल्यावर ठेवीदारांचे काय हाल होतात ते पाहिलेलं आहे. कलम ६० तुमच्या धनकोपासून वाचवतं. तुम्ही ज्या संस्थेत पैसा ठेवला तीच बुडाली तर त्याचा उपयोग नाही. बँकेत, सहकारी बँकेतसुद्धा, एका ठेवीदाराच्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचा विमा असतो. पतसंस्थेला तो नसतो.

कुठं हे कवच चालत नाही

पोटगी. पत्नी आणि मुलं या कायद्याच्या अर्थानं ‘धनको’ नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं धरून पेन्शनमधून पोटगीची वसुली होऊ दिली आहे. ते योग्यच आहे. घरच्यांचं पोट भरावं म्हणूनच तर पेन्शन राखलेली असते.

खात्याची येणी. सरकारी घराचं थकलेलं भाडं, जादा दिली गेलेली रक्कम वगैरे नियमांप्रमाणे ग्रॅच्युइटीतून वळती होऊ शकते. गंभीर गैरवर्तन सिद्ध झालं तर महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम १९८२ च्या नियम २७ खाली सरकार पेन्शन रोखू शकतं.

चेक न वटल्याचा खटला. तो फौजदारी आहे. पेन्शन सुरक्षित आहे म्हणून त्याच्या तारखेला गैरहजर राहिलात तर वॉरंट निघेल.

नोकरीत असाल तर पगार. त्याला पूर्ण सूट नाही. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. जप्तीसाठी धरायचा पगार ३१,००० असेल तर १,००० अधिक २०,००० असे २१,००० तुमचे, १०,००० जप्तीला. एकाच हुकूमनाम्यात अशी कपात २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा सुटतो. हा हिशेब ठेवण्याचं काम पगार काढणारा कारकून करेलच असं नाही, तो तुम्ही ठेवा.

नोटीस हातात पडल्यावर

आधी नोटीस कुणाची आहे ते वाचा. फायनान्स कंपनीच्या वसुली एजंटाचं व्हॉट्सअॅपवरचं ‘पीएफ सील करण्याचे आदेश’ असलं पत्र म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. कोणताही एजंट फंडाला हात लावू शकत नाही, आणि रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे त्यानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही.

कोर्टाची नोटीस असेल तर तिच्यावर दरखास्तीचा (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात दिलेल्या अर्जाचा) नंबर असतो. त्याच दरखास्तीत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४७ खाली अर्ज द्यायचा, वेगळा दावा लावायचा नसतो. सोबत पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत, बँकेचा किमान १२ महिन्यांचा उतारा, त्यात पेन्शनच्या नोंदी खुणा करून, आणि रक्कम पेन्शनचीच आहे असं बँक व्यवस्थापकाचं पत्र जोडा. खातं आधीच गोठलं असेल तर निकाल लागेपर्यंत दरमहा येणारी पेन्शन तरी काढू द्यावी, अशी अंतरिम मागणी त्याच अर्जात करा. ही ओळ राहून गेली की महिनोन्महिने पेन्शन अडकते. अटकेची धमकी असेल तर त्याच संहितेचं कलम ५१ दाखवा. ऋणकोची ऐपत मोजताना जप्तीतून सुटलेली मालमत्ता हिशेबात धरायची नाही, असं तिथं लिहिलेलं आहे. ‘पेन्शन येते म्हणजे ऐपत आहे’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. कर्जाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करता येत नाही, हे कलम ५६.

पतसंस्थेच्या प्रकरणात बहुधा सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि वसुली अधिकाऱ्याचं पत्र असतं. त्याला आणि बँकेला, दोघांना एकाच दिवशी लेखी हरकत द्या आणि पोहोच घ्या. तोंडी सांगून काही होत नाही. बँकेतला माणूस ‘वरून पत्र आलंय’ एवढंच म्हणेल. हरकतीत कलम ६० चा ‘जी’ खंड, सरकारी पेन्शनर असाल तर १८७१ च्या कायद्याचं कलम ११ आणि वरचा राधेश्याम गुप्ता निकाल एवढं पुरे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. नंदुरबारकडच्या आदिवासी पेन्शनरांनी हे हक्कानं मागावं.

मालकच बुडाला तर

सूतगिरणी किंवा कारखाना बंद पडला आणि पगारातून कापलेला पीएफ भरलाच नव्हता, हा दुसऱ्या टोकाचा प्रश्न. १९५२ च्या कायद्याचं कलम ११ थकीत पीएफला कारखान्याच्या मालमत्तेवर पहिला बोजा मानतं. साखरेची पोती बँकेकडे तारण होती, तरीही पीएफ आधी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या प्रकरणात दिला. कंपनी दिवाळखोरीत गेली तर २०१६ च्या संहितेच्या कलम ३६ नुसार पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीतली कामगारांची येणी लिक्विडेटरच्या वाटपातून बाहेर राहतात. पण हे सगळं मिळायला वर्षं जातात. दर महिन्याला यूएएनचं (पीएफच्या कायम खाते क्रमांकाचं) पासबुक उघडून मालकाचा हिस्सा जमा झाला का ते पाहिलं, तर गडबड दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच कळते आणि पीएफ कार्यालयात तक्रार करता येते.

राहिलं वारसनामांकन. ईपीएफचं कलम १० इथंही मदतीला येतं. सभासद गेला तर रक्कम नामांकित व्यक्तीला मिळते ती गेलेल्या माणसाच्या कर्जातून मुक्त, आणि नामांकित व्यक्तीच्या स्वतःच्या आधीच्या कर्जातूनही मुक्त. नामांकनच नसेल किंवा ते बाद झालेलं असेल तर हा सरळ मार्ग राहत नाही. कुटुंब नसताना आई-वडील किंवा भावाच्या नावे केलेलं नामांकन लग्नानंतर आपोआप बाद होतं. लग्नाला वीस वर्षं झाली आणि पीएफवर अजून थोरल्या भावाचं नाव आहे, असं तुमच्या खात्यात आहे का, ते यूएएनच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशनमध्ये आजच पाहता येईल. आधार आणि फोटो जोडलेला असेल तर दुरुस्ती तिथल्या तिथं होते.